उरलेली भाकर : केरळातले सात दिवस

मंगळवार, पनवेल

नगरहून पहाटे निघून पनवेलला नेत्रावती एक्सप्रेस पकडली. डब्यात शिरल्या शिरल्या ही वरच्या बर्थवर जाऊन झोपली आणि मी खिडकीशी बसलो. रोहा गेलं, माणगाव गेलं, बोगदे सुरू झाले.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. ही वसईची, कॅथलिक. मी नगरचा. आमचं घर पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीतलं, १९७० पासून सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). रविवारी ही मिस्साला जाते, मी उपासनेला. दुपारी एका ताटात जेवतो, पण प्रभूच्या मेजाशी आम्ही दोघं आजवर एकदाही एकत्र गेलेलो नाही. तिच्या चर्चच्या नियमानं मला तिथला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही, आणि आमचं प्रभुभोजन तिला चालत नाही. हे दोघांनी लग्नाआधीच मान्य केलं होतं. मान्य केलेल्या गोष्टीवर पुन्हा कोणी बोलत नाही, तसंच आमचंही झालं.

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ठरवलं की केरळ बघायचं. मुन्नार आणि हाउसबोट त्यात नव्हतंच. ख्रिस्ती मताची जी भांडणं इफिस, खल्केदोन, रोम, विटेनबर्ग अशी जगभर विखुरलेली आहेत, ती सगळी केरळात त्रिशूर ते तिरुवल्ला या पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात. पुस्तकांतून ती मला कधी नीट उमगली नाहीत. म्हटलं, त्यांच्या चर्चमध्ये जाऊन बसू आणि ते भाकरीचं काय करतात ते बघू. लहानपणापासून माझ्या डोक्यात धर्म म्हणजे भाकरच आहे. प्रभुभोजनाच्या आदल्या रात्री पाव कापायचं काम आमच्या आईकडे असायचं. ती पांढऱ्या पावाच्या कडा काढून आतले बारीक चौकोनी तुकडे करायची, आणि कडा आम्ही भावंडं दुधात बुडवून खायचो.

बुधवार, त्रिशूर

दुपारी उतरलो. वडक्कुन्नाथन देवळाच्या भोवतीचा गोल रस्ता ओलांडून बाजारात गेलं की वलिय पळ्ळी लागते. मल्याळममध्ये पळ्ळी म्हणजे चर्च, वलिय म्हणजे मोठं. पूर्ण नाव मर्त मरियम कॅथेड्रल. ही मंडळी स्वतःला कॅल्डियन सीरियन म्हणवतात. जगात त्यांचं चर्च ‘पूर्वेचं चर्च’ म्हणून ओळखलं जातं आणि मूळ इराक-इराणकडचं आहे. जुन्या पुस्तकांत त्यांनाच ‘नेस्टोरियन’ म्हणून हिणवलेलं असतं.

आत गेल्यावर ही थबकली. कुठल्याही चर्चमध्ये गेलं की हिची नजर आधी मरियामातेला शोधते. इथे चर्चलाच मरियमचं नाव, पण आत पुतळा नाही, तसबीर नाही. वेदीपुढे पडदा आणि रिकामा क्रूस, एवढंच. मला हे एकदम घरच्यासारखं वाटलं आणि तिला परकं. पण माझा समज चुकीचा होता, हे तासाभरात कळलं.

तिथल्या म्हाताऱ्या कप्यारांना (चर्चची व्यवस्था बघणाऱ्याला इकडे कप्यार म्हणतात) थोडं हिंदी येत होतं. तरुणपणी भिलाईला होते. हिनं सरळच विचारलं, “मरियामातेला तुम्ही मानत नाही का?” ते म्हणाले, “मानतो ना. तिचे सण करतो. पण देवाची आई म्हणत नाही, ख्रिस्ताची आई म्हणतो.”

या एका शब्दावरून इ. स. ४३१ मध्ये इफिसच्या परिषदेत चर्च फुटलं. कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्मगुरू नेस्टोरियस म्हणत होता की मरियेनं जन्म दिला तो ख्रिस्ताला. देवाला आई असते असं म्हटलं तर अनादि असलेल्याला सुरुवात दिल्यासारखं होईल. त्याच्या विरोधकांचं म्हणणं होतं की येशूतला देव आणि माणूस असे वेगळे काढता येतच नाहीत. तिच्या कुशीत जो होता तो देवच होता, म्हणून ती देवाची माता. पूर्वेच्या चर्चनं ‘ख्रिस्ताची आई’ हा शब्द धरून ठेवला. दोन्ही बाजूंना येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूसच मान्य होता, भांडण होतं ते त्या दोघांची सांगड कशी सांगायची यावर. ११ नोव्हेंबर १९९४ ला पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेच्या चर्चचे कुलगुरू (पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख) मार दिन्खा चौथे यांनी एका निवेदनावर सह्या केल्या आणि दोन्ही शब्द एकाच विश्वासाचे आहेत असं मान्य केलं. म्हणजे पंधराशे त्रेसष्ट वर्षांनी. हिला जपमाळेत दर वेळी ‘देवाचे माते’ म्हणताना यामागे एवढं काही असेल हे माहीत नव्हतं. मलाही, खरं तर.

मग मी भाकरीचं विचारलं आणि म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. त्यांच्याकडे ‘मल्का’ नावाचं पवित्र विरजण असतं. आमच्या बायका दह्याला लावतात तसं, पण पिठाचं. परंपरा अशी की शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनं योहानाला भाकरीचे दोन वाटे दिले. एक त्यानं खाल्ला, दुसरा जपून ठेवला, आणि त्या वाट्याचं विरजण आजतागायत चालत आलं आहे. दर वर्षी पवित्र गुरुवारी त्यात नवं पीठ मिसळून ते वाढवतात आणि दर कुर्बानाच्या, म्हणजे त्यांच्या मिस्साच्या, भाकरीत त्यातली चिमूट घालतात. मल्का त्यांच्याकडे सात संस्कारांत धरतात. पवित्र झालेली भाकर दुसऱ्या दिवसासाठी उरवत नाहीत, त्याच दिवशी संपवतात. त्यांनी चिमटीत पीठ धरल्यासारखी बोटं करून दाखवली. नखांच्या कडांना मेणबत्तीचं मेण होतं.

मी त्या बोटांकडे बघत राहिलो. रिकामा क्रूस आणि कोऱ्या भिंती पाहून मला वाटलं होतं, हे आमच्यासारखेच. पण आमच्या घरी भाकर म्हणजे आठवण. “माझ्या स्मरणार्थ हे करा” एवढंच आम्ही धरलं. यांच्याकडे मात्र त्या रात्रीची भाकर अजून फुगते आहे.

संध्याकाळी पुत्तन पळ्ळीला गेलो. तिचे उंच गॉथिक मनोरे सगळ्या त्रिशूरवरून दिसतात. आत पुतळे, रंग, सोनं सगळं. हे सिरो-मलबार कॅथलिकांचं बॅसिलिका. हिनं मेणबत्ती लावली आणि दिवसभरात पहिल्यांदा निवांत बसली.

गुरुवार, उदयंपेरूर आणि कोची

एर्नाकुलमच्या दक्षिणेला उदयंपेरूरमध्ये एक जुनं चर्च आहे. आज तिथे नारळाची सावली आणि शांतता आहे. २० ते २६ जून १५९९ या सात दिवसांत इथे जे झालं त्यानं मलबारच्या ख्रिस्ती माणसाचं सगळं बदलून टाकलं.

ते घडवणारा माणूस आला होता गोव्याहून. आलेशु द मेनेझिस, गोव्याचा आर्चबिशप. इथल्या लोकांची समजूत होती, आणि आहे, की येशूचा शिष्य थोमा इ. स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरला उतरला आणि आपण त्याचे. त्यांचे बिशप शेकडो वर्षं बाबिलोनकडून यायचे, उपासना सिरियाक भाषेत व्हायची, आणि त्यांचे कत्तनार, म्हणजे पुरोहित, लग्न करायचे. मेनेझिसनं धर्मसभा भरवून त्यांच्याकडून नेस्टोरियसचा धिक्कार वदवून घेतला, कत्तनारांची लग्नं बंद केली, उपासनेत बदल केले आणि चुकीची ठरवलेली सिरियाक पुस्तकं जाळायला लावली. त्या पुस्तकांत काय काय होतं हे आता कधीच कळणार नाही. मी तिथे उभा राहून फार अस्वस्थ झालो. ही तर कॅथलिक. तिच्याच चर्चनं हे केलं. तिनं वेदीकडे बघत एवढंच म्हटलं, “पुस्तकं कशाला जाळायची?”

दुपारी मट्टांचेरी. इथे ३ जानेवारी १६५३ ला लोकांनी वाकड्या क्रूसाला हात लावून शपथ घेतली, कूनन कुरिशु सत्यं. कूनन म्हणजे वाकलेला. सगळ्यांचे हात पोचेनात म्हणून क्रूसाला दोर बांधले आणि लोकांनी ते धरले. सीरियाकडून अहत्तल्ला नावाचे एक बिशप येत होते, त्यांना पोर्तुगीजांनी वाटेतच पकडून गोव्याला नेलं. त्यांना बुडवून मारल्याची अफवा उठली आणि लोक पेटले. शपथ घेतली की जेझुइटांची सत्ता आम्ही मानणार नाही. त्याच वर्षी बारा कत्तनारांनी आपल्यातल्याच एकाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बिशप केलं.

पुढची गोष्ट मला फार विलक्षण वाटते. रोमनं कार्मेलाइट साधू पाठवून पुष्कळांना परत वळवलं, ते आजचे सिरो-मलबार. जे वळले नाहीत त्यांना खरा बिशप हवा होता, कारण पुरोहितांनी केलेला बिशप हा बिशप होत नाही, असं जुन्या सगळ्या चर्चचं मत. १६६५ मध्ये जेरुसलेमहून मार ग्रेगोरियस आले. ते अंत्युखियाच्या (अँटिओकच्या) चर्चचे होते, आणि ते चर्च नेस्टोरियसच्या बरोबर उलट टोकाचं. त्यांचं मत असं की ख्रिस्ताचा स्वभाव एकच, देव आणि माणूस त्यात न मिसळता एक झालेले. म्हणजे ज्या लोकांचे पूर्वज ‘दोन स्वभाव’ म्हणणाऱ्या चर्चमध्ये वाढले, त्यांचीच लेकरं ‘एक’ म्हणणाऱ्या चर्चमध्ये गेली. त्यासाठी कुणी रात्रभर जागून वाद घातला असेल असं मला वाटत नाही. त्यांना आपला बिशप हवा होता, दारात जो आला तो त्यांनी धरला. मतं मनात पिकतात असं आपण धरून चालतो. इथे ती जहाजातून आली.

फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च धावतपळत बघितलं. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथे पुरलं होतं, मग त्याची हाडं पोर्तुगालला नेली. आधी फ्रान्सिस्कन, १६६३ नंतर डच रिफॉर्म्ड, मग अँग्लिकन, आता सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया). एकाच छताखाली चार मतं पालटली. डचांनी सगळं उतरवून कोरं केलं, त्या कोऱ्या भिंतींना लागून त्यांच्या थडग्यांचे दगड उभे आहेत आणि डोक्यावर हातानं ओढायचे लांबलचक पंखे. हे चर्च माझ्या घराचं, इथे मला भाकर मिळाली असती. पण गुरुवार होता.

शुक्रवार, एर्नाकुलम ते कोट्टयम

सकाळी एका सिरो-मलबार पॅरिशमध्ये कुर्बाना होता. त्यांच्यात मिस्साला कुर्बाना म्हणतात, आणि मराठी कानाला ‘कुर्बानी’ लगेच ओळखीची वाटते. ही ख्रिस्तप्रसादासाठी रांगेत उभी राहिली, मी मागच्या बाकावर बसलो. हे चर्च रोमशी जोडलेलं, त्यामुळे भाषा कळत नसली, विधी निराळा असला तरी तिला इथे पूर्ण हक्क. प्रसाद घेऊन ती मधल्या वाटेनं सरळ परत आली. ते माझ्या नजरेत भरलं, कारण गावच्या देवळात (वसईकडे चर्चला देऊळच म्हणतात) ती वेदीपासून परतताना नेहमी दोन पावलं बाजूनं वळून येते. तिची सवय.

या चर्चमध्ये गेल्या काही वर्षांत मोठा वाद पेटला, तो पुरोहितानं तोंड कुठे करायचं यावर. २०२१ मध्ये त्यांच्या सिनडनं (बिशपांच्या सभेनं) एक पद्धत सगळ्यांना लावली. शास्त्रवाचनाच्या वेळी लोकांकडे तोंड, अर्पणाच्या प्रार्थनेला वेदीकडे, प्रसादानंतर पुन्हा लोकांकडे. एर्नाकुलम-अंगमालीच्या बहुसंख्य पुरोहितांनी आणि लोकांनी ते नाकारलं. त्यांना पूर्ण वेळ लोकांकडेच तोंड हवं होतं. २०२२ च्या नाताळच्या आधी सेंट मेरीज बॅसिलिकात वेदीपाशीच हाणामारी झाली.

बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटत. पुरोहित लोकांच्या पुढे उभा राहून त्यांच्याच दिशेला, देवाकडे बघतो तेव्हा चाललेलं असतं ते बलिदान. तो मेजाच्या पलीकडून लोकांकडे बघतो तेव्हा चाललेलं असतं ते भोजन. कॅथलिक शिकवण सांगते की हे दोन्ही आहे. पण माणूस एका वेळी एकाच दिशेला तोंड करू शकतो. मतभेद अंगात उतरतो तो असा. फक्त त्यासाठी वेदीपाशी हात उगारले जावेत याचं दुःख होतं.

रेल्वेनं कोट्टयम गाठलं. संध्याकाळी वलिय पळ्ळीत (ही कोट्टयमची, १५५० सालची, क्नानाया या सीरियन ख्रिस्ती समाजाची) ते जुने दगडी क्रूस बघितले. क्रूसावर ख्रिस्त नाही. चारी टोकं कळ्यांसारखी उमललेली, आणि भोवती पहलवी लिपीतली ओळ. इराणची लिपी कोट्टयमच्या टेकडीवर. हिनं त्या अक्षरांवरून, हात न लावता, हवेतच बोट फिरवलं.

शनिवार, कोट्टयम

आज एका ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये, म्हणजे अंत्युखियाच्या बिशपांबरोबर गेलेल्यांच्या चर्चमध्ये, कुणाच्या तरी आजोबांच्या स्मरणार्थ कुर्बाना होता. चपला बाहेर. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि सगळा वेळ उभं. पडदा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. धुपाची साखळी घुंगरांसकट वाजते. शांतीच्या वेळी पुरोहितापासून निघालेला हस्तस्पर्श माणसागणिक पुढे येतो. शेजारच्या आजोबांनी जोडलेले हात माझ्या तळव्यांमधून अलगद ओढून घेतले आणि मी तो पुढच्याला दिला. माझ्या चर्चमध्ये आम्ही हस्तांदोलन करतो. हे निराळं होतं, ओंजळीतून पाणी देतात तसं.

इंग्रजी भाषांतराची पुस्तिका हातात होती, त्यामुळे दोन जागा पकडता आल्या. एक, त्रिवार पवित्राची प्रार्थना. ‘पवित्र देवा, पवित्र बलवंता, पवित्र अमर्त्या’ इथपर्यंत सगळे म्हणतात. यांच्यात पुढे जोड आहे, ‘आमच्यासाठी क्रूसावर खिळला गेलास त्या तू’. अमर्त्य देव खिळला गेला असं सरळ म्हणायचं. त्रिशूरची मंडळी हे कधीच म्हणणार नाहीत. त्यांच्या मते दुःख सोसलं ते माणूसपणानं. इ. स. ४५१ मध्ये खल्केदोनच्या परिषदेत ‘दोन स्वभाव, एक व्यक्ती’ असं सूत्र ठरलं. रोमनं ते घेतलं, आम्हीही रोमकडूनच घेतलं. यांनी नाकारलं, कारण त्यांना त्यात नेस्टोरियसचा वास आला. दुसरी जागा मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत. आम्ही लहानपणापासून म्हणतो, पवित्र आत्मा ‘पिता व पुत्र यांपासून’ निघतो. इथे फक्त ‘पित्यापासून’. तो ‘व पुत्र’ पश्चिमेनं मागाहून घातला आणि पूर्वेनं तो कधी पत्करला नाही.

भाकर विरजणाची, फुगलेली. उठलेल्या ख्रिस्ताची भाकर जिवंत हवी, म्हणून. रोमची बिनखमिराची, कारण शेवटचं भोजन वल्हांडणाच्या, म्हणजे यहुद्यांच्या बिनखमिराच्या सणाच्या, वेळचं. प्रसादाच्या वेळी आम्ही दोघंही जागेवर. इथे ना तिला घेता येत, ना मला. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही एकाच बाजूला होतो.

शेवटी मृतासाठी प्रार्थना झाली. ही डोळे मिटून त्यात होती, तिच्या चर्चमध्येही मृतांसाठी मिस्सा होतो. मला ते शिकवलेलं नाही. आमच्याकडे माणूस गेला की तो प्रभूच्या हाती, आपलं मागणं संपलं. वडील गेले तेव्हा मी त्यांच्यासाठी एकदाही प्रार्थना केली नाही. करायची नसते म्हणून नाही केली. त्या अनोळखी आजोबांच्या फोटोपुढे उभा राहून मी वडिलांचं नाव मनात घेतलं. माझ्या पाळकसाहेबांना हे पटणार नाही, पण घेतलं.

दाराशी घरच्यांनी सगळ्यांना नेर्च्चा वाटला, अप्पम आणि केळं. “सगळ्यांना?” मी विचारलं. “सगळ्यांना,” पुरोहितांच्या पत्नी म्हणाल्या. उदयंपेरूरनं कत्तनारांची लग्नं बंद केली, पण या शाखेत पुरोहित अजून लग्न करतात. वाळूत उभं राहून आम्ही दोघांनी अप्पम खाल्लं.

इथून थोड्याच अंतरावर याकोबी चर्च आहे. विश्वास तोच, कुर्बाना तोच, तोच पडदा. फरक एवढाच की याकोबी अंत्युखियाच्या कुलगुरूला धर्मप्रमुख मानतात आणि ऑर्थोडॉक्स १९१२ मध्ये केरळातच स्थापन झालेल्या कॅथोलिकोसच्या गादीला. खटले शंभर वर्षांहून जुने. ३ जुलै २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं चर्चच्या १९३४ च्या घटनेप्रमाणे ऑर्थोडॉक्स बाजूनं निकाल दिला. मग चर्चच्या चाव्या, पोलीस, मोर्चे. माणूस मेला तर त्याला वाडवडिलांच्या स्मशानात कुणी पुरायचं यावरूनही तंटे झाले, इतके की २०२० मध्ये केरळ सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. रोमशी यांचं दीड हजार वर्षांचं मतांतर, तरी १९८४ मध्ये पोप आणि अंत्युखियाचे कुलगुरू यांनी ख्रिस्ताविषयीचा आपला विश्वास एकच असल्याचं जाहीर केलं आणि अडचणीच्या वेळी एकमेकांच्या माणसांना संस्कार देण्याची मुभा ठेवली. ज्यांच्यात मताचा तिळाएवढा फरक नाही ते मात्र एका कबरस्तानात मावेनात. हे बघून फार वाईट वाटलं.

रविवार, मारामण आणि कुंबनाड

पंपेच्या काठी मारामण. फेब्रुवारीत इथल्या वाळूवर मोठं अधिवेशन भरतं, १८९५ पासून. आज वाळू रिकामी होती.

अब्राहाम मल्पान इथले. मल्पान म्हणजे सिरियाक शिकवणारे गुरुजी. कोट्टयमच्या सेमिनरीत शिकवत असताना सी.एम.एस.च्या (चर्च मिशनरी सोसायटीच्या) इंग्रज मिशनऱ्यांशी त्यांचा संबंध आला. १८३६ च्या सुमारास त्यांनी आपल्या चर्चमध्ये सुधारणा सुरू केली. उपासना सिरियाकमधून मल्याळममध्ये आणली, संतांकडे मागणं आणि मृतांसाठी प्रार्थना काढून टाकली. इथल्या चर्चमध्ये एका संताची लाकडी मूर्ती होती, लोक तिला नवस करत. ती त्यांनी विहिरीत टाकली. पण ते इंग्रजांच्या चर्चमध्ये गेले नाहीत. झगा, पूर्वेचा विधी तसाच ठेवला. १८८९ मध्ये त्रावणकोरच्या कोर्टात हरल्यावर त्यांच्या माणसांना बहुतेक चर्चवर पाणी सोडावं लागलं आणि मार थोमा चर्च वेगळं उभं राहिलं.

हे चर्च आमच्या सी.एन.आय.शी आणि सी.एस.आय.शी पूर्ण सहभागितेत आहे. सकाळी मी पुढे गेलो आणि भाकर आणि प्याला दोन्ही घेतलं. पुरोहितांच्या अंगावर कालच्यासारखाच पूर्वेचा झगा, आणि शब्दांत आमच्या नगरचा विश्वास. सहा दिवसांनी भाकर मिळाली म्हणून असेल, गळा दाटून आला. परत वळलो तर ही बायकांच्या बाकांत एकटी बसलेली दिसली. आजूबाजूच्या सगळ्या पुढे गेल्या होत्या.

दुपारी जवळच कुंबनाडला एका पेंटेकॉस्टल सभेत गेलो. बायका पांढऱ्या साड्यांत, अंगावर सोन्याचा कण नाही. बाप्तिस्मा कळत्या वयात आणि पूर्ण पाण्यात बुडवून, आधी झालेला असला तरी पुन्हा. त्यांच्या दृष्टीनं माझा आणि हिचा, दोघांचाही बाप्तिस्मा झालेलाच नाही, कारण आम्ही तान्हे होतो. थोड्या वेळानं सगळे एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागले, काही जण अन्य भाषांत, म्हणजे आत्म्यानं तोंडी घातलेल्या अनोळखी शब्दांत. ही घाबरली. मी नाही घाबरलो. माझी पणजी केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात वाढली. १९०५ मध्ये तिथे मुलींवर पवित्र आत्मा उतरल्याच्या गोष्टी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मुली रडत, ओरडत, तासन्‌तास प्रार्थना करत. पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगणारे आजही केडगावचं नाव घेतात. त्या आवाजात मला माझी पणजी ऐकू आली.

सोमवार, परतीची गाडी

एर्नाकुलमहून नेत्रावती. शोरनूर गेलं, कोळ्ळिकोड गेलं. समुद्र मधून मधून दिसत होता. बराच वेळ दोघंही गप्प होतो.

मग हिनं विचारलं, “तुमच्याकडे उरलेल्या भाकरीचं काय करतात हो?”

मी सांगितलं. आईनं काढलेल्या कडा. उपासनेनंतर ताटलीत राहिलेले तुकडे. ते कधी पाळकसाहेबांच्या घरी जायचे, कधी त्यांचा मुलगा आणि मी वेस्ट्रीच्या (पाळकांच्या खोलीच्या) मागे उभे राहून संपवायचो, आणि कुणी रागवायचं नाही. कारण आमच्यात ख्रिस्त भाकरीत येतो असं नाही म्हणत, भाकर खाणाऱ्या मंडळीत येतो असं म्हणतात.

“म्हणजे तुमच्या लेखी ती नुसती भाकर.”

“नुसती असं नाही म्हणता येत गं. काल मारामणला हातात घेतली तेव्हा नुसती नव्हती.”

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, “मी नऊ वर्षांची होते. आमच्या गावच्या देवळात नानीच्या जिभेवरून ख्रिस्तशरीर खाली पडलं. तिला तेव्हा कापरं भरायचं. फादर थांबले, सगळं देऊळ थांबलं. त्यांनी गुडघे टेकून ते उचललं, त्या जागेवर पांढरा रुमाल पसरला, आणि मिस्सा झाल्यावर ती फरशी स्वतःच्या हातानं पाण्यानं धुतली. नानी घरी येऊन दिवसभर जेवली नाही.”

“मग?”

“मग काही नाही. त्या फरशीवर मी अजून पाय देत नाही.”

सव्वीस वर्षं मी तिला त्या देवळात दोन पावलं बाजूनं वळून येताना बघत आलो होतो.